नंबर लागला, राहायला जायचे का?

सोडतीत घर लागले की पहिल्या दिवशी पेढे वाटले जातात. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी घरच्या बैठकीत निघतो: तिथे राहायला जायचे का? परभणी जिल्ह्यात हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. आता पडतो. मुले शिक्षणाला आणि नोकरीला पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, ठाण्याकडे गेली. आईवडील सेलूला, जिंतूरला, गंगाखेडला राहिले. राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, म्हणजे म्हाडाची, जाहिरात निघाली की अर्ज भरण्याची धांदल आता आपल्याकडेही उडते. म्हाडाचे छत्रपती संभाजीनगरचे मंडळ मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्ह्यांसाठी आहे, पण आपल्याकडचे लोक पुणे, कोकण आणि मुंबई मंडळांच्या सोडतीतही नशीब अजमावतात. त्याशिवाय सणासुदीचे लकी ड्रॉ आणि कुपन योजना आहेतच. त्यांच्या फलकावर पहिल्या बक्षिसासमोर कधी फ्लॅट, कधी प्लॉट लिहिलेला असतो.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. लागलेल्या घरात राहावे की नाही, हे ठरवताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा. हेच घर बाजारात विकायला असते आणि तेवढे पैसे आपल्या हातात असते, तर आपण ते राहण्यासाठी घेतले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर निव्वळ चिठ्ठी निघाली म्हणून ते बदलायचे कारण नाही. हे लिहायला सोपे आणि पाळायला फार अवघड आहे, याची आम्हाला जाणीव आहे. लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जाऊ नये, असे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवले जाते. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी सगळे तेच म्हणतात. लाखोंच्या गर्दीतून आपले नाव निघाले, आता नाही म्हणायचे म्हणजे करंटेपणा, असे माणसाला स्वतःलाही वाटू लागते. या दडपणाखाली अनेक कुटुंबे न परवडणारे हप्ते अंगावर घेतात, किंवा चांगली बसलेली घडी मोडून दुसऱ्या गावी जातात.

मुळात ‘घर लागणे’ या दोन शब्दांखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात. म्हाडाची सोडत म्हणजे बक्षीस नव्हे. १९७६ च्या कायद्यानुसार १९७७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था घर विकते. सोडतीतून मिळतो तो ठरलेल्या किमतीला ते विकत घेण्याचा हक्क. मुंबई मंडळाची १४ ऑगस्ट २०२३ ची सोडत आठवावी. घरे ४,०८२ आणि अर्जदार लाखाच्या वर. त्या सोडतीतले सर्वांत महाग, सुमारे साडेसात कोटींचे ताडदेवचे घर आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील बदनापूरचे आमदार नारायण कुचे यांच्या नावावर निघाले. पुढे चर्चा झाली ती एवढी रक्कम उभी कशी करायची याचीच. आमदाराला जो प्रश्न पडतो, तो जिंतूरच्या शिक्षकाला तीस-चाळीस लाखांच्या घराबाबत तितक्याच तीव्रतेने पडतो. देकार पत्र हातात पडले की मुदत सुरू होते. काही आठवड्यांत किमतीचा पहिला भाग आणि त्यानंतर थोड्याच काळात उरलेली रक्कम भरायची असते. कर्ज मंजूर व्हायला लागणारा वेळ, पगारपत्रकावर बसणारा हप्ता, गावाकडच्या शेतीचे उत्पन्न बँक किती धरते, हे सारे अर्ज भरण्याआधी तपासायला हवे. बहुतेक जण ते नंबर लागल्यावर तपासायला घेतात.

खरेखुरे बक्षीस म्हणजे एकही पैसा किंमत न देता मिळालेले घर. ते फुकट असते, असा समज आहे. तो आयकर कायद्यापुढे टिकत नाही. लॉटरी, स्पर्धा, ड्रॉ यांतून मिळालेल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि त्यावर ४ टक्के उपकर. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असले तरी सूट नाही, कोणती वजावटही नाही. समजा, परभणीतला ३० लाखांचा फ्लॅट बक्षीस लागला. ३० टक्क्यांप्रमाणे कर ९ लाख, त्यावर ४ टक्के उपकर ३६ हजार. एकूण ९ लाख ३६ हजार रुपये. बक्षीस रोख असते तर देणाऱ्याने कर कापून उरलेली रक्कम दिली असती. घराचा तुकडा कापून सरकारला देता येत नाही. म्हणून कायद्याने देणाऱ्यावर बंधन घातले आहे की, कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तूच्या रूपातले बक्षीस हाती द्यायचे नाही. म्हणजे घराची किल्ली मिळण्याआधी विजेत्याने नऊ-साडेनऊ लाख रोख उभे करायचे, किंवा आयोजकाने तो भार उचलायचा. आयोजक उचलणार असेल तर ते लेखी हवे. वर मुद्रांक शुल्क आहे, नोंदणीचा खर्च आहे. हे पैसे कुठून आणणार? कर भरण्यासाठी गृहकर्ज मिळत नाही. घरातले सोने गहाण पडते, नाहीतर एखादा एकर विकला जातो. बक्षिसाच्या फ्लॅटपायी काळी जमीन विकणे हा व्यवहार म्हणून चुकीचा आहे, असे आम्हाला स्पष्ट वाटते. रोख पर्याय असेल तर तोच घ्यावा.

हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकेत एचजीटीव्ही ही वाहिनी १९९७ पासून दरवर्षी एक आलिशान ‘ड्रीम होम’ सोडतीत देते. घर देखणे असते, जागा निसर्गरम्य असते, आणि तरीही आजवरच्या बहुतेक विजेत्यांनी त्यात संसार मांडला नाही. कुणी घर विकले, कुणी घराऐवजी रोख रक्कम घेतली. तिथेही बक्षिसावर कर आहे, आणि एवढ्या मोठ्या घराचा वर्षाचा मालमत्ता कर व देखभाल सामान्य पगारातून निघत नाही. आता ब्रिटन पाहा. तिथे बक्षिसावर आयकर नाही, आणि ओमेझ नावाची कंपनी लाखो पौंडांच्या घरांच्या सोडती काढते तेव्हा मुद्रांकाचा खर्चही स्वतः करते. तरी तिथल्या अनेक विजेत्यांनीही घर विकून टाकले किंवा भाड्याने दिले. यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. कराचा बोजा काढून टाकला, तरी मनासारखे नसलेल्या ठिकाणी माणूस राहात नाही. पोटापाण्याचा धंदा, मुलांची शाळा आणि हाकेच्या अंतरावरची माणसे जिथे आहेत, तिथेच त्याचा जीव रमतो.

फसवणुकीबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगायला हवे. बक्षिसाआधी कर भरावा लागतो, हे खरे असल्यामुळेच ठगांचे फावते. ‘तुम्हाला घर लागले, कराचे वीस हजार या खात्यावर टाका’ असा फोन येतो आणि ऐकणाऱ्याला तो पटतो. खरा कर कुणा माणसाच्या खात्यावर किंवा फोन नंबरवर जात नाही. तो आपल्या पॅन क्रमांकावर चलनाने सरकारकडे जमा होतो आणि आपल्या आयकराच्या विवरणात दिसतो. ज्या ड्रॉमध्ये आपण भागच घेतला नाही, त्यात आपला नंबर लागू शकत नाही. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. आणखी एक. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, ती सरकारची आहे. पैसे घेऊन तिकिटे विकायची आणि चिठ्ठी काढून प्लॉट द्यायचा, हा उद्योग खासगी माणसाला करता येत नाही. तो गुन्हा आहे. अशा योजनेत प्लॉट ‘लागला’ तरी त्याच्या मागे उभे राहणारे कुणी नसते.

आता कागद. मराठवाड्यात जमिनीच्या कागदाला निजामी राजवटीचा इतिहास चिकटलेला आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. इनाम जमिनी, देवस्थानाच्या जमिनी, मशीद-दर्ग्यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनी इथे मोठ्या प्रमाणावर होत्या. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने त्यांतल्या अनेक मोकळ्या झाल्या, सगळ्या नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असे लिहिले असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन दुसऱ्याच्या नावावर होत नाही. परभणी शहराच्या कडेला जिंतूर रोडला, वसमत रोडला, गंगाखेड रोडला प्लॉटिंगचे दगड रोवलेले दिसतात. त्यांतले किती अकृषिक झालेले आहेत आणि किती शेतातच पाडलेले तुकडे आहेत, हे दगडावरून कळत नाही. तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार वर्षानुवर्षे अडकून राहिले. सरकारने अलीकडे त्यात शिथिलता आणली असली तरी प्रत्येक प्लॉट त्यात बसतोच असे नाही. विकत घेताना माणूस तलाठ्याकडे चार चकरा मारतो, वकिलाकडून शोध अहवाल काढतो. बक्षिसात मिळाले म्हणून तेवढीही चौकशी करत नाही. उलट इथे ती जास्त हवी, कारण विकणाऱ्याला निदान किमतीपोटी जाब विचारता येतो. फुकट दिलेल्याला काय विचारणार?

कागद नीट निघाले की घराकडे यावे, आणि ते मे महिन्यात भर दुपारी पाहावे. परभणीचा उन्हाळा ४४-४५ अंशांचा. वरच्या मजल्यावरचा, उघड्या स्लॅबखालचा फ्लॅट सकाळी दहाला पाहिला तर छान वाटतो. दुपारी तीनला त्याच खोलीत भिंतीला हात लावून पाहावा. जुनी माणसे माळवदाच्या घरात राहात. जाड पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर लाकडाच्या लादणीवर मातीचा थर, त्यामुळे आत गारवा टिकत असे. सहा इंची भिंतीच्या फ्लॅटमध्ये तो विजेच्या बिलावर विकत घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट आपली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर बांधलेले हलके घर तिच्याबरोबर वरखाली होते. यावर उपाय नाही असे नाही. खाली फुगवटा असलेल्या खांबांचा पाया रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केला. तो आपल्या घराखाली आहे का, हे विचारावे. सांगणारा कुणी नसेल तर खिडकीचे कोपरे पाहावेत. कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग, आणि तिच्यावर नुकताच भरलेला, रंगाने जरा वेगळा दिसणारा पट्टा, हे पाया हलत असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी ओळखीच्या इंजिनिअरला चार पैसे देऊन घर दाखवावे.

तिसरी गोष्ट पाणी. येलदरी धरणावरून परभणीला पाणी आले तरी आपल्या गल्लीत नळाला किती दिवसांआड येते, हा प्रश्न इथे सोयरीक जमवतानाही विचारला जातो. घराबाबत तो सगळ्यात आधी विचारावा. यासाठी कोकण मंडळाच्या विरार-बोळिंज वसाहतीचे उदाहरण प्रत्येक अर्जदाराने लक्षात ठेवावे. म्हाडाने तिथे हजारोंच्या संख्येने घरे बांधली. सोडती निघाल्या, नंबर लागले, आणि लोकांनी घरे नाकारली. पाण्याची टंचाई हे मोठे कारण होते. किंमत आणि स्टेशनपासूनचे अंतर ही आणखी कारणे. हजारो घरे पडून राहिली आणि शेवटी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणून ती विकायची वेळ आली. घर नाकारणारे ते सगळे लोक करंटे नव्हते. त्यांनी घर पाहिले, हिशेब केला आणि निर्णय घेतला. सूर्या पाणीपुरवठा योजनेचे पाणी त्या भागात पोहोचल्यावर तिथली परिस्थिती बदलू लागली, हेही खरे. म्हणजे आज नाकारण्याजोगे घर पाच वर्षांनी घेण्याजोगे होऊ शकते. पण ती पाच वर्षे हप्ते आपणच भरायचे असतात.

याच्या दुसऱ्या टोकाला गिरणी कामगारांची घरे आहेत. ती आठवली की मन विषण्ण होते. १९८२ च्या संपात आणि पुढे गिरण्या बंद पडून ज्यांची नोकरी गेली, त्यांच्यासाठी गिरण्यांच्या जमिनीवरच्या आणि बाहेरच्याही घरांच्या सोडती काढल्या गेल्या. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. डिसेंबर २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांची निघाली, किंमत सहा लाख. नंबर लागला तेव्हा कामगार साठी-सत्तरीत होते. ताबा लांबला. २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि ही रिकामी घरे विलगीकरणासाठी वापरली गेली. त्यात त्यांची नासधूस झाली, मग दुरुस्ती कुणी करायची यात आणखी वेळ गेला. तोवर अनेक कामगार कायमचे गावी गेले होते, काही हयात नव्हते. लालबाग-परळला ज्याचे आयुष्य गेले आणि म्हातारपण कोकणात किंवा घाटावर चालले आहे, त्याने कोनला एकट्याने राहून काय करायचे? त्याच्या दृष्टीने ते घर मुलांसाठीचा ठेवा होता आणि न्यायाचा एक तुकडा होता. राहण्याची जागा ती कधीच होऊ शकली नाही. घर मिळणे आणि वेळेवर मिळणे यांतले अंतर यंत्रणेने ओळखायला हवे होते. ते ओळखले गेले नाही, याचा राग आजही आहे आणि तो रास्त आहे.

आपल्या जिल्ह्यात हाच प्रश्न वृद्ध आईवडिलांच्या रूपाने पुढे येतो. मुलाला पुण्याकडे सोडतीत घर लागते. तो म्हणतो, आता सगळे इकडेच या. आईवडील पालमहून, सोनपेठहून जातात. दोन खोल्या, सातवा मजला, दिवसभर सून आणि मुलगा कामावर. गावात दारातून जाणारा प्रत्येक माणूस दोन शब्द बोलून जातो. तिथे शेजारच्या दाराची पाटी वाचण्यापलीकडे ओळख होत नाही. वडिलांचे निम्मे लक्ष शेतात असते. पेरणी झाली का, बटईवाल्याने खत टाकले का, हे फोनवरून विचारत राहतात. मुंबईकडचे घर असेल तर देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास, तोही आरक्षण मिळाले तर. अशा कुटुंबाने एकदम बिऱ्हाड हलवू नये, असे आम्हाला वाटते. आधी मुलाने राहावे. आईवडिलांनी एखादा पावसाळा, एखादा उन्हाळा जाऊन-येऊन काढावा. गावचे घर लगेच भाड्याने देऊ नये, विकणे तर दूरच. मुक्कामाची खोली, चूल, दोन माठ तिथे तसेच ठेवावेत. तिकडे जीव रमला नाही तर परत यायला घर उरले पाहिजे.

उलट बाजूही मोठी आहे आणि ती कमी लेखणे चूक ठरेल. भाड्याच्या खोलीत पंधरा वर्षे काढलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचे दार किती मोलाचे असते, हे ज्याचे त्याला कळते. अकरा महिन्यांचा करार संपत आला की घरमालकाच्या तोंडाकडे पाहायचे, मुलांच्या शाळा बदलायच्या, गॅसच्या कार्डापासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे पत्ता बदलत राहायचा. चाकणला किंवा वाघोलीला नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणाला कामाच्या जवळ, परवडणाऱ्या किमतीत घर लागले असेल, तर त्याने वास्तुशांतीचा मुहूर्त काढावा आणि राहायला जावे. तिथे फार खल करण्यासारखे काही नाही. वर विचारलेल्या प्रश्नाचे त्याचे उत्तर ‘हो’ आहे. आमचे लिहिणे मुख्यतः बाकीच्यांसाठी आहे: ज्यांचे कामधंद्याचे गाव एक आणि घर लागले दुसरीकडे, किंवा ज्यांचा पगार एका मापाचा आणि घर दुसऱ्या.

अशांना एक मधला मार्ग सुचतो. घर घ्यायचे, राहायचे नाही, भाड्याने द्यायचे. काही वेळा तो योग्यही असतो, पण नियम वाचून. म्हाडाचे घर ठरावीक मुदतीपर्यंत, साधारणतः पाच वर्षे, विकता येत नाही, आणि भाड्याने द्यायला म्हाडाची परवानगी लागते. कुलमुखत्यारपत्रावर गुपचूप ‘विकलेली’ घरे पुढे चौकशीत अडकतात आणि घेणारा-देणारा दोघेही पस्तावतात. भाडे हप्त्याला पुरेल हा हिशेबही कागदावर मांडून पाहावा. सोसायटीची देखभाल, मालमत्ता कर, दोन भाडेकरूंच्या मधले रिकामे महिने आणि लांब राहून दुरुस्ती करून घेण्याचा व्याप धरला, तर हातात येणारी रक्कम बरीच कमी होते. खासगी बक्षिसाच्या घराला असे बंधन नसेल, तर ते विकून त्याच पैशांत आपल्या गावी, आपल्या सोयीचे घर घेणे हा आमच्या मते सर्वांत सरळ मार्ग आहे.

आणि सारा हिशेब करून उत्तर ‘नाही’ असेच आले, तर ते मुदतीत आणि लेखी कळवावे. सोडतीत यशस्वी अर्जदारांच्या मागे प्रतीक्षा यादी असते. वरचा माणूस ना होकार देतो ना नकार, पत्र घरात पडून राहते, मुदतवाढ मागितली जाते आणि घर महिनोन्महिने कुलूपबंद राहते. तेवढा काळ यादीतले पुढचे कुटुंब भाडे भरत थांबलेले असते. म्हाडानेही प्रत्येक अर्जदाराला आपला प्रतीक्षा क्रमांक आणि वरच्याने काय कळवले हे घरबसल्या, साध्या मराठीत दिसेल अशी सोय भक्कम करावी. होकार-नकाराची पत्रे जिल्ह्याच्या ठिकाणीच स्वीकारली जावीत, म्हणजे पालमच्या किंवा सोनपेठच्या माणसाला त्यासाठी संभाजीनगरला किंवा वांद्र्याला खेटे घालावे लागणार नाहीत.